सत्कार कोणाचा करावयाचा?

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा नाताळच्या आठवड्यात प्रवास करावा, म्हणजे गावागावांतून लागलेले फलक दिसतात. कुठे तरुण मंडळाचा वर्धापनदिन असतो, कुठे व्यायाममंदिराचा वार्षिकोत्सव, कुठे धर्मग्रामातल्या युवकसंघाच्या क्रीडास्पर्धांचा बक्षीस समारंभ. फलकावर प्रमुख पाहुण्यांचे छायाचित्र असते व त्याच्या दुप्पट आकाराची निमंत्रकांची छायाचित्रे असतात. प्रमुख पाहुणा पुष्कळदा एखादा माजी खेळाडू असतो. एके काळी राज्याचे किंवा देशाचे पदक मिळवलेला, आता पन्नाशी-साठी ओलांडलेला, गुडघ्याच्या दुखण्याने जिना जपून चढणारा. त्याला शाल दिली जाते, श्रीफळ दिले जाते, फेटा बांधला जातो, आणि मग ज्यांची वाट पाहण्यात कार्यक्रम दोन तास रखडला ते पुढारी आले की खेळाडूची खुर्ची हळूच एक जागा बाजूला सरकते.

हे वर्णन कोणा एका मंडळाचे नव्हे. यात कोणाच्या मनात कपट असते असेही नाही. पोरांनी वर्गणी गोळा केलेली असते, मांडव घातलेला असतो, आणि खेळाडूला बोलवावे ही त्यांची इच्छा मनापासूनची असते. तथापि एक प्रश्न अशा प्रत्येक समारंभात मांडवाच्या खांबाशी उभा असतो व त्याच्याकडे कोणी पाहत नाही: आपण नेमका सत्कार कोणाचा करीत आहोत? त्या माणसाचा, त्याच्या पदकाचा, की आपल्याच मंडळाचा?

प्रश्न जुना आहे. ॲरिस्टॉटलने सुखाचा विचार करताना मानसन्मानाला आयुष्याचे परमोच्च ध्येय मानण्यास नकार दिला, त्याचे एक कारण असे की मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याच्या हाती अधिक असतो. आणि खरे चांगले ते असे दुसऱ्याच्या हाती असू नये. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच धागा पुढे नेला. त्यांच्या मते सन्मान म्हणजे दुसऱ्याच्या ठायी असलेल्या श्रेष्ठत्वाविषयी दिलेली साक्ष. हा साक्षीचा विचार आपण मनावर घेतला तर व्यासपीठावरचा सगळा व्यवहार एकदम गंभीर होतो. साक्ष खरी असते किंवा खोटी असते. आठव्या आज्ञेने खोट्या साक्षीची मनाई केली आहे. ती आज्ञा केवळ न्यायालयापुरती आहे असे धर्मशिक्षणाच्या वर्गात आपल्याला कोणी शिकवले नाही. शाल अंगावर घालणे ही साक्ष असेल, तर साक्षीदाराला निदान काय पाहिले ते ठाऊक असावयास हवे. पाहुण्याचा खेळ कोणता, त्याने कोणत्या साली काय केले, हे सूत्रसंचालकाला ऐन वेळी कागदावर विचारून घ्यावे लागत असेल, तर ती साक्ष नव्हे. फार तर ती ओळखपरेड होय.

खरी साक्ष कशी असते हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक जिंकून परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या मिरवणुकीत शंभराहून अधिक बैलगाड्या होत्या. हा आकडा ऐकून आपण डामडौलाची कल्पना करतो. पण त्या गाड्यांत बसलेली माणसे कोण होती? ज्यांनी पदरमोड करून त्यांच्या प्रवासासाठी पैसे जमवले होते, ती. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. या लोकांनी काय पाहिले होते ते त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी त्यांना लहानपणापासून मातीत पाहिले होते, 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे येऊन परतलेले पाहिले होते, आणि पुन्हा चार वर्षे झिजताना पाहिले होते. त्यांची साक्ष प्रत्यक्षदर्शी होती.

त्यानंतर खाशाबांनी जे केले ते मला पदकाइतकेच मोलाचे वाटते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, त्यातून पैसा उभा केला व प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवण्यासाठी तो दिला. सत्कार स्वीकारलेला माणूस लगोलग दुसऱ्याच्या ऋणाची आठवण ठेवतो, हे आपल्या सत्कारसमारंभांतून क्वचितच सांगितले जाते. कदाचित त्यात टाळ्या घेण्याजोगे काही नसेल.

पुढची हकीकत आपल्याला भूषणावह नाही. 1955 साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. नोकरी केली, निवृत्त झाले, आणि 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरील अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो 2000 सालचा, मरणोत्तर. दरम्यान भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक 1996 साली अटलांटा येथे लिअँडर पेस यांनी मिळवून दिले होते. म्हणजे चव्वेचाळीस वर्षे हा एकच माणूस होता, आणि त्यांपैकी बत्तीस वर्षे तो आपल्यात वावरत होता. मरणोत्तर सन्मान कोणाच्या कामाचा? मृताला त्याची गरज नाही. आपली श्रद्धा खरी असेल तर त्याची साक्ष याहून मोठ्या ठिकाणी झालेली असते. मरणोत्तर सन्मान हा देणाऱ्याच्या हिशेबवहीतील राहून गेलेली नोंद पूर्ण करतो. ती नोंद करू नये असे मी म्हणत नाही, वारसांसाठी व नव्या मुलांसाठी ती व्हावीच. पण त्याला उपकार म्हणू नये.

मुरलीकांत पेटकर यांच्या वाट्याला निदान जिवंतपणी काही आले. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूर भागातले हे जवान, सैन्यात मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आले. 1972 साली हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी पन्नास मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. या स्पर्धांतले ते भारताचे पहिले सुवर्ण. नंतर ते पुण्यात नोकरी करीत राहिले. पद्मश्री मिळाली 2018 साली. शेहेचाळीस वर्षे! 2024 साली त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला तेव्हा पुण्यातल्या कितीतरी लोकांना प्रथमच कळले की हा माणूस आपल्याच शहरात राहतो. शासनाला उशीर झाला हे सांगणे सोपे आहे. पण शासनाची समिती बसते, शिफारशी जातात, फायली फिरतात. एखाद्या पेठेतल्या, एखाद्या वाडीवरच्या मंडळाला कोणती समिती आडवी आली होती? पाहुणा निवडण्यासाठी आपल्याला राजपत्राची वाट पाहावी लागत नाही. तरीही आपण वाट पाहतो, कारण पुष्कळदा आपली नजर माणसाकडे नसून त्याच्यावर दुसऱ्याने मारलेल्या शिक्क्याकडे असते.

येथे समाजाच्या मंडळांपुढे आणखी एक गुंतागुंत उभी राहते, आणि आपल्यासारख्या लहान समाजाला ती अधिक जवळची आहे. आपण म्हणतो, ‘हा आपला माणूस आहे, याला बोलवू.’ आपला म्हणजे काय? सांगलीचे विजय हजारे मराठी ख्रिस्ती होते. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन यांचे संघ असत आणि उरलेल्यांचा ‘इतर’ नावाचा एक संघ असे. हजारे त्या ‘इतरां’कडून खेळत. 1943-44 च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध दुसऱ्या डावात ‘इतरां’च्या 387 धावा झाल्या, त्यांतील 309 एकट्या विजय हजारेंच्या! सामना त्यांचा संघ डावाने हरला. अशा खेळीचा अभिमान ‘इतर’ म्हणवल्या गेलेल्या माणसांना वाटला असेल तर त्यांना कोण दोष देईल? ज्याला नावही धड मिळालेले नाही अशा बाकावरून एक जण उठतो व दिवसभर खेळपट्टी सोडत नाही, ही गोष्ट मनाला उभारी देणारीच आहे.

तथापि याच सामन्यांविषयी गांधीजींनी 1940 साली आपली नापसंती सांगितली होती. धर्मावर संघ पाडणे त्यांना खेळाच्या वृत्तीशी विसंगत वाटले. 1946 नंतर ती स्पर्धा बंद झाली, आणि बंद झाली हे बरेच झाले. हजारे त्याआधीच कोणा एका समाजाचे उरले नव्हते. 1948 च्या जानेवारीत ॲडलेडला त्यांनी एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके केली, आणि 1952 च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा ते कर्णधार होते. आता एखाद्या ख्रिस्ती मंडळाने त्यांना ‘आपले’ म्हणून गौरवले तर ते खोटे ठरेल काय? मला वाटते, घरातल्या मुलाला शेजाऱ्यांसमोर ‘हा माझा’ म्हणणे निराळे आणि शेजाऱ्यांना ‘हा तुमचा नव्हे’ म्हणणे निराळे. शब्द तेच, पण पहिल्यात माया आहे व दुसऱ्यात मालकी. मांडवात कोणती भावना आहे हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे: गावातल्या इतर आळ्यांतील मुलांना त्या कार्यक्रमाचे आमंत्रण होते की नव्हते?

त्या 309 धावांच्या डावात आणखी एक माणूस होता. विजय यांचे भाऊ विवेक हजारे. दोघांनी मिळून तीनशे धावांची भागी केली आणि तीत विवेक यांचा वाटा अवघ्या एकवीस धावांचा. दुसऱ्या टोकाला केवळ टिकून राहणे, भाऊ खेळतो आहे तोवर बाद न होणे, एवढेच काम त्यांनी तासन्‌तास केले. अशा माणसाला प्रमुख पाहुणा म्हणून कोण बोलावते? आणि संत थॉमस यांच्या अर्थाने पाहिले तर साक्ष द्यावी असे श्रेष्ठत्व तेथे नव्हते काय?

याच 1952 सालात वांद्र्याची मेरी डिसोझा ही तरुणी हेलसिंकीला धावली. सरकारकडे पैसा नाही असे कळल्यावर तिच्या मित्रमंडळींनी व शेजाऱ्यांनी पत्त्यांच्या डावांचा व नृत्याचा कार्यक्रम ठेवून निधी जमवला. शेवटच्या क्षणी शासनानेही हात दिला. शंभर व दोनशे मीटर या दोन्ही शर्यतींत ती प्राथमिक फेरीतच बाद झाली. दोन वर्षांनी मनिला येथील आशियाई स्पर्धेत चार बाय शंभरच्या सुवर्णविजेत्या चमूत ती होती. त्याच चमूत पुण्यात वाढलेली स्टेफी डिसोझाही होती. मेरी हॉकीतही देशाकडून खेळली. ध्यानचंद पुरस्कार तिला मिळाला 2013 साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. गोळेश्वरच्या बैलगाड्या आणि वांद्र्याचे पत्त्यांचे डाव यांत मला मुळात फरक दिसत नाही. दोन्हीकडे लोकांनी आधी दिले व मग मानले. आपला सत्कार पोकळ का वाटतो याचे उत्तर येथे असावे: ज्या खेळाडूच्या कष्टाच्या काळात आपण त्याला एक अंडे खाऊ घातले नाही, त्याच्या साठीत आपण त्याला शाल घालतो. शाल स्वस्त पडते.

येथे एखादा चोखंदळ वाचक विचारील: मुळात वेगाने धावणे किंवा दुसऱ्याची पाठ मातीला लावणे यात मान देण्याजोगे काय आहे? दणकट शरीर ही तर देणगी, जन्मतः लाभलेली. मेहनत म्हणावी तर मेहनत उसाच्या फडात कोयता चालवणारी बाईही करते, आणि तिला कोणी फेटा बांधीत नाही. हा आक्षेप मला हलका वाटत नाही. भवानीनगरच्या कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्यांवर पहाटे थंडीत बसलेली माणसे पाहिली की तो अधिकच बोचतो. संत पौलाने ज्या करिंथ नगरीला पत्रे लिहिली तिच्या जवळच दर दोन वर्षांनी मोठे क्रीडामहोत्सव भरत. विजेत्याला पानांचा मुकुट मिळे, आणि तो सुके. पौलाने खेळाडूच्या संयमाचे उदाहरण आपल्या वाचकांपुढे ठेवले, पण त्याच वाक्याच्या ओघात त्या मुकुटाचे नाशवंतपणही दाखवून दिले. खेळाची थट्टा त्याने केली नाही, खेळाची पूजाही केली नाही.

माझे उत्तर असे की, देणगी लाभणे हे श्रेष्ठत्व नव्हे. लाभलेल्या देणगीचा पुरता हिशेब देणे हे श्रेष्ठत्व होय. प्रभूच्या दाखल्यातील त्या तिसऱ्या चाकराने आपली नाणी जमिनीत पुरून ठेवली, चोरली नव्हती. तरी तो दोषी ठरला. खेळाडूने आपले नाणे पुरले नाही, एवढेच आपण मांडवात जाहीर करीत असतो. मग ऊसतोडणीच्या बाईने पुरले होते काय? नाही. तिचाही सत्कार व्हावयास हवा, आणि होत नाही हा आपला दोष आहे, खेळाडूचा नव्हे. एका खऱ्या साक्षीने दुसरी खोटी ठरत नाही.

आणि हिशेब देणे म्हणजे जिंकणेच असेल असेही नाही. तसे असते तर हेलसिंकीत पहिल्याच फेरीत थांबलेल्या मेरीला ना वांद्र्याने विचारले असते ना इतिहासाने. उलट, जिंकलेल्याचे सारे आयुष्यच आदर्श होते असे सांगण्याचीही गरज नाही. आपली ख्रिस्तसभा कोणाला संत म्हणण्यापूर्वी त्याच्या मरणाची वाट पाहते व पुढे कित्येक वर्षे चौकशी करते. आमची मंडळे मात्र माणसाला जिवंतपणीच, ध्वनिक्षेपकाची खरखर थांबण्याच्या आत, संतपद देऊन मोकळी होतात. बिचारा पाहुणा अवघडतो. त्याला स्वतःच्या चुका ठाऊक असतात. कदाचित समोर बसलेल्या त्याच्या पत्नीलाही.

आपल्या या भागात निवृत्त खेळाडूला मान देण्याची एक जुनी रीत आहे व ती व्यासपीठापेक्षा शहाणी आहे. जत्रेच्या कुस्त्यांचा फड लागतो तेव्हा जुने पैलवान पंच म्हणून मैदानात उतरतात. हलगी कडाडत असते. वयात न आलेली पोरे नारळावर, रेवड्यांवर कुस्ती खेळायला लंगोट लावून उभी असतात. तेव्हा म्हातारा पैलवान एका पोराचा दंड चाचपतो, दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला अजमावतो आणि जोड लावतो. जोड लावणे हे कौशल्याचे व जबाबदारीचे काम आहे. जोड चुकली तर एखाद्याचा हात मोडतो. कुस्ती कधी सोडवायची, कोणाला दम घेऊ द्यायचा, चितपट झाली की नाही, यावर गावाने त्याचा शब्द मानायचा. फेटा त्यालाही बांधतात, पण फेटा बांधून त्याला खुर्चीत बसवून ठेवीत नाहीत. त्याच्या शरीराला जे आता करता येत नाही ते त्याच्या डोळ्याला करता येते, हे गाव जाणते. ‘माजी’ हा शब्द त्या मातीत कोणी उच्चारत नाही.

दुसरी गोष्ट आषाढ तोंडावर आला की दिसते. तुकोबांची पालखी बारामतीहून निघाल्यावर काटेवाडीत तिच्याभोवती मेंढ्या धावतात. पुढे बेलवाडीला आणि इंदापूरला गोल रिंगण होते. आधी पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका धावतात, विणेकरी धावतात. शेवटी अश्व दौडतो आणि लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला वाकतात. पहिला कोण आला हे तेथे कोणी विचारत नाही. आपण ख्रिस्ती घरातली माणसे रस्त्याच्या कडेला उभे राहून हे पाहत आलो आहोत, वारकऱ्यांना पाणी देत आलो आहोत. त्या गर्दीत सत्तरीची म्हातारी तुळशीचे वृंदावन सावरीत धावते तेव्हा तिच्या धावण्याला कोणत्या पदकाने मोजणार?

म्हणून कोणा मंडळाच्या मुलांनी विचारले की आम्ही यंदा एखाद्या जुन्या विजेत्या खेळाडूला बोलवावे काय, तर मी म्हणेन, जरूर बोलवा. पण काही गोष्टी आधी ठरवून घ्या. त्याच्या येण्याजाण्याचा खर्च व मानधन पाकिटात घालून तो येताच द्या. कार्यक्रम संपल्यावर कोषाध्यक्ष शोधण्याची वेळ त्याच्यावर आणू नका. पुढारी उशिरा आले तर खेळाडूचे भाषण त्यांच्यासाठी थांबवू नका. त्याला बक्षिसे वाटायला लावण्याआधी सकाळी मैदानावर न्या, शर्यतीच्या शिट्टीचे काम द्या, लहान मुलींची धावण्याची ढब पाहू द्या. त्याला ज्याने पहिल्यांदा खेळात उतरवले तो शिक्षक किंवा वस्ताद हयात असेल तर त्यालाही त्याच गाडीतून आणा. आणि मुलांना प्रश्न विचारू द्या.

प्रश्न पराभवाचेही असू द्यावेत. 1952 साली लीड्सच्या कसोटीत भारताचे दुसऱ्या डावातले पहिले चार फलंदाज एकही धाव फलकावर लागलेली नसताना बाद झाले होते. त्यानंतर खेळायला आलेल्या कर्णधार हजारेंनी छप्पन्न धावा केल्या. सामना भारताने गमावलाच. हजारे 2004 सालापर्यंत आपल्यात होते. वडोदऱ्याला त्यांना भेटायला जाणारे त्यांच्या शतकांविषयी विचारीत असणार, ते स्वाभाविकच आहे. पण शून्यावर चार गडी बाद झालेले असताना मैदानाची फाटके उघडून आत चालत जाताना मनात काय चालले होते, हे विचारायला दहा-बारा वर्षांचे एखादे पोरच हवे.